एक करंजी स्वतःच्या हातची

माझ्या दुकानात दिवाळीचं फराळ पार्सल करायला आलेलं माणूस माझ्याशी एकदा तरी भांडतंच. बीडच्या बसस्टँडमागं माझं दुकान आहे. लाडू, चकली, शेव, चिवडा सगळं आम्ही बचत गटातल्या बाया मिळून करतो, डबे भरतो आणि कुरिअरनं पाठवतो. पुण्याला जातं, बंगळूरला जातं, गेल्या साली एक डबा कॅनडाला गेला. पण झाकण लावायच्या आधी माझी एक अट असते. पाठवणाऱ्यानं आत यायचं, हात धुवायचे, पाटावर बसायचं आणि एक करंजी स्वतःच्या हातानं करायची. ती मी तळणार आणि सगळ्यात वर ठेवणार. मगच झाकण.

परवा मोहनराव म्हणून एक साहेब आले. लेक हैदराबादला नोकरीला. म्हणले, "अहो ताई, मला साधा चहा करता येत नाही."

म्हणलं, "चहा नकोच आहे मला. करंजी करा."

"वाकडी होईल."

"होऊ द्या."

"तेलात फुटेल."

"फुटू द्या हो! माझ्या हातची चांगली करंजी बघून तुमच्या लेकीला काय कळणार? बाप धडधाकट आहे का नाही, हे कळणार का?"

साहेब चपापलेच. मागं उभी असलेली त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. बसले बिचारे. करंजी कसली, चेपलेलं वांगं झालं ते. पण चार दिवसांनी त्यांचा फोन आला. लेकीनं सगळा डबा मैत्रिणींत वाटला म्हणे, ती एक करंजी मात्र कुणाला हात लावू दिली नाही.

आता लोक विचारतात, हे खूळ तुमच्या डोक्यात आलं कुठून? खूळ माझं नाही. आजीचं आहे, दगडाबाईचं. आणि ज्या डब्यापायी ते सुरू झालं, त्याच डब्यापायी मी इथं तुमच्याशी भांडायला आहे.

आमचं गाव मांजरसुंब्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. आजीच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हिला दगडाबाई नाव ठेवलं, म्हणजे काळाची नजर जाऊ नये. नाव बरोबर लागू पडलं. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक, कौशल्या, म्हणजे माझी आई. आजीनं लोकाच्या गुऱ्हाळावर कामं केली. तिथं चरकात ऊस घालताना उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं गेलं. उरलेल्या थोट्या बोटानं ती जन्मभर लोकांना दटावत राहिली, आणि खरं सांगते, त्या बोटाचा धाक चांगल्या बोटापेक्षा जास्त होता. शिव्या तर अशा द्यायची की ऐकणाऱ्याला वाटावं ही आता मारणार, आणि देता देता हातावर गूळ ठेवायची.

त्या बोटामुळं तिच्या करंजीची मुरडही निराळी यायची. दुसऱ्या बाया अंगठा आणि पहिल्या बोटानं कड मुरडतात. हिला ते जमायचं नाही. ही अंगठा आणि मधल्या बोटानं मुरडायची, त्यामुळं मुरड जाड आणि शेवटची घडी उलटी. अख्ख्या गावाच्या करंज्या एका परातीत ओतल्या तरी आजीची करंजी कुणीही डोळे झाकून काढून दाखवली असती.

दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायचं. कारखान्यांचे ट्रक यायचे आणि तरणी माणसं भांडीकुंडी घेऊन सांगली-कोल्हापूरकडं ऊस तोडायला निघून जायची. मागं म्हातारीकोतारी, शाळेतली लेकरं आणि जनावरं. दिवाळी तर तोंडावर आलेली. मग फराळ पाठवायचं कसं? ऊसतोड्याला पत्ता असतो का कुठं? आज ह्या शिवारात ऊस, उद्या त्या शिवारात. पाचटाची कोप म्हणजे झोपडी घातली, उचलली, पुढं चालले. पोस्टमन काय उसात शिरून हाका मारणार होता? पण ऊस कुठलाही तोडा, गाडी शेवटी कारखान्याच्या काट्यावर वजनाला येणारच. म्हणून आमच्या गावाचा दिवाळीतला पत्ता एकच होता, काटा. कारखाना सहकारी, आमच्या गावच्या सगळ्या टोळ्या वर्षानुवर्षं तिथंच. त्यांचा शेवटच्या खेपेचा ट्रक दिवाळीच्या तोंडावर गावात यायचा, त्यात सगळे डबे चढवायचे. ड्रायव्हर ते काट्याजवळ उतरवून ठेवायचा आणि गाडी घेऊन आलेला माणूस आपला डबा ओळखून घेऊन जायचा.

ओळखायचा कशावरनं? कापडावरनं. डबा आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शिवलेला असायचा. आपल्या आईचं लुगडं ओळखायला शाळा लागत नाही.

हे डबे शिवायचं काम आजीकडं होतं. कुणी दिलं नव्हतं, तिनंच घेतलं होतं. दुसऱ्यानं भरलेला डबा तिला बघवायचाच नाही. "आगं ए, लाडू वर ठिवतीस व्हय? खालच्या करंज्यांचा भुगा हुईल की!" असं म्हणून ती सगळा डबा परत ओतायची. लाडू तळाला, त्यावर शंकरपाळे, मग चकल्या, करंज्या वर, आणि मग मुठीनं चिवडा सोडायचा, तो फटीफटीत जाऊन बसला पाहिजे. डबा कानाजवळ धरून हलवायची. खडखड झाली की परत उघडायची. मग दाभणानं, सुतळीनं घट्ट टाके. तिनं शिवलेला डबा ट्रकमधून गडगडत खाली पडला तरी आत चकली मोडायची नाही.

शहाऐंशी सालचा दुष्काळ. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली, आजी रोजगार हमीवर खडी फोडायला जायला लागली. आणि त्याच साली आईच्या पोटात मी. माझा बाप शहादेव घरजावई. त्याला आईबाप नव्हते, आजीनंच ठेवून घेतला होता. म्हणजे आईचं माहेर आणि सासर एकच घर, आणि त्या घरात दाणा नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते, एकट्या माणसाला मुकादम नेत नाही. आगाऊ पैशाची उचल तर आधीच घेऊन खाल्लेली. जावंच लागणार होतं.

आजी आठ दिवस भांडली. आदल्या साली फडातच आईचं एक पोट पडलं होतं, ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. "म्या मुकादमाचे पाय धरते. कौशीला न्हेऊ नका," म्हणाली. पण धरूनही उपयोग नव्हता. ट्रक निघताना आई वर चढली, पोट सांभाळत गाठोड्यावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "माय, मला तिथं तुझी खुशाली कशी कळंल गं?"

आजीला रडणं आलं की ती चिडायची. ओरडली, "डबा येतोय की! डबा आला म्हंजी मी हाय."

"आन न्हाई आला तर?"

"न्हाई आला तर मेले समज, जा!"

ट्रक गेला आणि आजी तिथंच रस्त्यात बसली. बोलले ते बोलले, आता गिळता येईना. दिवाळी येऊस्तोवर तिच्या डोक्यात एकच, डबा गेला पाहिजे. लेक दिवसात आहे, एकदा जीव गमावता गमावता वाचली आहे. डबा नाही गेला आणि तिनं मनाला लावून घेतलं, तर?

आणि बघा नशीब. बोट अर्धं म्हणून ती हातोडा डाव्या हातात धरायची; दिवाळी चार दिवसांवर आली आणि खडी फोडताना तो उजव्या अंगठ्यावर बसला. हात सुजून टम्म. चिंधी बांधून घरी येऊन बसली. घरात तळायला तेल नाही, आणि असतं तरी हात कुठं होता?

आता ह्याच्यापुढं जे झालं ते सांगताना मला अजून भरून येतं. गावातल्या बाया आल्या. दुष्काळ काय एकट्या आजीला होता? सगळ्यांचीच चूल अर्धी. पण पाळीपाळीनं येऊन एकेक जण म्हणाली, "मावशे, गप बस. आमचे डबे तू जन्मभर शिवलेस, तुझा डबा आमी भरतो." कुणी दोन लाडू आणले, कुणी तीन चकल्या, कुणी ओंजळभर शंकरपाळे. कुणाच्या लाडवात साखर, कुणाच्यात गूळ, कुणाच्यात नुसताच गोडीचा भास. विठ्ठलराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन, वीस एकरांचे धनी. त्यांच्या घरून सात-आठ करंज्या आल्या, त्यात खरं खोबरं. आजी कोपऱ्यात बसून बघत होती. तिच्या तोंडून त्या दिवशी एक शिवी निघाली नाही, तेव्हाच बायांना कळलं की म्हातारी हलली आहे.

कापडाची पाळी आली. जुनं लुगडं तिच्याकडं उरलंच नव्हतं. होतं ते एकच धड, हिरवं, सणावाराचं. आजीनं ते पेटीतून काढलं आणि टर्रकन फाडलं. बाया ओरडल्या, "आगं, येडी झालीस का?"

आजी म्हणाली, "कौशीच्या लेकराला मऊ दुपटं नको का? डब्याचा डबा जाईल, दुपट्याचं दुपटं."

शिवायला दुसरीच बाई बसली, आजी शेजारी बसून टाका कुठं घ्यायचा ते सांगत होती. ट्रक आला. ड्रायव्हर सटवा परळीकडचा, गावात कोण जितं आणि कोण मेलेलं हे त्याला काय ठाऊक? त्यानं डबे टाकले आणि गेला. आजी त्या दिवशी पोटभर जेवली.

बायांनी मग घरी उरलेलं फराळ ताटात घातलं आणि सरस्वतीबाईकडं निघाल्या. सरस्वतीबाई शेजारची. तिचा मालक उन्हाळ्यात गेला होता. आमच्याकडं ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. शेजारपाजार आणि भावकी आपापल्या घरचं थोडं थोडं आणून देतात. तसं बायांनी नेऊन दिलं. सरस्वतीबाईनं सगळं एका परातीत घेतलं. लहानमोठे लाडू, तिळाची चकली, बिनतिळाची चकली, दहा घरच्या करंज्या. त्या परातीकडं ती बघत राहिली, आणि एकाएकी दोन्ही हात तोंडावर मारून ओरडली.

"आगं बायांनो! आपुन कौशीला काय धाडलं गं?"

एकीलाही कळेना.

"हेच धाडलं की! दहा घरचं! आन आईच्या हातचं एक न्हाई! आन वर हिरवं लुगडं फाडून!"

मेलेल्या बाईचंच चांगलं लुगडं फाडून वाटतात. जित्या बाईनं सणाचं लुगडं फाडलेलं कुणी पाहिलंय? कौशल्या डबा उघडणार, दहा घरचं फराळ बघणार, आजीच्या मुरडीची करंजी शोधणार आणि नाही सापडली की काय समजणार, हे त्या अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकीला एका क्षणात कळलं. आणि आपण सगळ्यांनी जीव लावून हे केलं, हे कळून तर एक-दोघी रडायलाच लागल्या.

आजीला सांगितलं. ती उठून उभी राहिली.

विठ्ठलराव धावत आले. म्हणले, "घाबरू नका. बीडला माणूस पाठवून तार करतो."

आजी म्हणाली, "मालक, तार? आपल्यात तार कशाची येती? तार म्हणल्यावर पोरगी वाचायची वाट बघंल का? आदीच हंबरडा फोडंल. आन तार धाडता कुठं, उसाच्या फडात?"

विठ्ठलराव डोकं खाजवायला लागले. म्हणले, "मग काय करावं म्हणता?"

"मीच जाते," आजी म्हणाली.

"एकली?"

"डबा एकलाच गेला न्हवं? तसंच मला धाडा."

आणि खरोखर तसंच धाडलं. गावानं आजीचं पार्सल केलं म्हणा ना. एकीनं शाल दिली, एकीनं भाकरी बांधून दिल्या, तिची शेळी दुसरीनं आपल्या दावणीला नेली. सरस्वतीबाईनं स्वतःच्या दुःखातनं उठून डिंक आणि ओवा शोधून काढला. म्हणाली, "पोरगी दिवसात हाय, मोकळ्या हातानं जाऊ नगस." विठ्ठलरावांनी तिला जीपमध्ये पुढं बसवून मांजरसुंब्याला आणलं. अख्ख्या तालुक्यात चेअरमनच्या जीपमध्ये पुढं बसणारी रोजगार हमीवरची बाई ती एकटीच असेल.

सटवाचा ट्रक केव्हाच पुढं निघून गेला होता. मांजरसुंब्याला बद्रीनाथचा ढाबा होता, तिथं चारी रस्त्यांचे ड्रायव्हर जेवायचे. बद्रीनाथनं सगळं ऐकलं आणि गल्ल्यावरनं उठून हाक दिली, "सोलापूरकडं कोण हाय बे? ही माय न्ह्यायचीय. लेकीला वाटतंय की ही मेलीय." जेवणारे सगळे वळून बघायला लागले. एक सरदार ड्रायव्हर होता, त्याला मराठी येत नव्हतं, त्यालाही बद्रीनाथनं हिंदीत समजावलं. त्यानं हात धुतले आणि नुसतं म्हणला, "चलो माताजी." पैसे त्यानं घेतले नाहीत. पुढं सोलापूरच्या नाक्यावर त्यानं तिला कांद्याच्या ट्रकवाल्याच्या हवाली केली, त्यानं मिरजेजवळ त्याच कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याच्या, आणि त्यानं काट्यावर विचारून आमच्या टोळीचा फड काढला. प्रत्येकानं पुढच्याला तीच गोष्ट सांगितली. आजी सांगायची, "मी कुणाला काय बोललेच न्हाई. मला नुसतं एकानं उतरवायचं आन दुसऱ्यानं चढवायचं. कुनी चहा पाजला, कुनी केळी दिली. देवानं त्यांची लेकरं सुखात ठिवावी." जन्मभर ती दिवा लावताना त्या ड्रायव्हरांसाठी हात जोडायची. नावं तिला ठाऊक नव्हती, म्हणून "सरदार, कांदेवाला, ट्रॅक्टरवाला" असं म्हणायची.

पण डबा तिच्या आधी पोचला होता.

बापानं तो काट्यावरनं आणला. कोपीसमोर ठेवला. आईनं हिरवं लुगडं बघितलं आणि तिचा हात थांबला. तरी उघडला. आणि जसं सरस्वतीबाई म्हणाली होती, तसंच झालं. आई एकेक करंजी हातात घेऊन कड बघायला लागली. जाड मुरड नाही, उलटी घडी नाही. टोळीतल्या बाया जमल्या. त्यांनी तर आणखी घोळ केला. "ही माझ्या सासूची चकली गं," एक म्हणाली. "हा आमच्या घरचा लाडू," दुसरी म्हणाली. म्हणजे घरोघरचं आलेलं आहे, यावर शिक्काच बसला.

बाप म्हणत राहिला, "आगं, आसं काय झालं आसतं तर निरोप आला आसता की."

आई म्हणाली, "मी दिवसात हाय म्हणून लपवलं. लपवत्यात तसं."

खरंच लपवतात, हे बापालाही ठाऊक होतं. बायांनी आईच्या डोक्यावरनं सुतकाचं पाणी घातलं. ती जेवली नाही, लुगड्याचा तुकडा छातीशी धरून पडून राहिली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरलेले नव्हते. बाप मुकादमाकडं पळाला, मुकादम गाडीसाठी कारखान्याकडं पळाला. टोळीतल्या बाया फडातनं कोयते टाकून आल्या. त्यात बाळंतपण केलेली म्हणावी अशी एकही नव्हती, सगळ्या विशी-पंचविशीतल्या. आई म्हणायला लागली, "मला काय नको आता. माय गेली, मी बी जाते."

दुपारी बांधावरनं ट्रॅक्टरचा आवाज आला. बापाला वाटलं, मुकादमाची गाडी आली. बघतो तर ट्रॉलीतनं आजी उतरत होती. अंगावर लोकाची शाल, हाताला चिंधी, तोंड धुळीनं पांढरं. पाणी आणणाऱ्या बाईनं घागर टाकली आणि ती किंचाळत सुटली. बाप दोन पावलं मागं सरकला आणि हात जोडून म्हणाला, "मामी, आमचं काय चुकलं आसंल तर..."

"मुडद्या!" आजी ओरडली. "हात काय जोडतोस? पाय बघ माझे, सरळ हायत का उलटे? आन पोरगी कुठाय माझी? डब्यात करंजी न्हाई म्हणून आई मेली व्हय रे? एवढी स्वस्त हाय का मी? तुला मी जावई केला का बुजगावणं केलं..."

आत कोपीत आईनं ते ऐकलं. आजही ती सांगते तेव्हा हसते आणि डोळे पुसते. म्हणते, "मला आदी तोंड न्हाई दिसलं गं. शिव्याच ऐकू आल्या. म्हणलं, मेलेलं मानूस एवढ्या शिव्या देत न्हाई."

आजीनं आत येऊन तिच्या तोंडावरनं हात फिरवला, तोच थोट्या बोटाचा, चिंधी बांधलेला. आईनं तो हात धरून ठेवला. आजी म्हणाली, "सोड आता. दुखतोय. आन काम हाय." मग एकीला पाणी तापवायला पिटाळलं, एकीला ओवा भाजायला, बापाला नुसतंच लांब पिटाळलं. मूल आडवं होतं. आजीनं आयुष्यभर गायी-म्हशी सोडवल्या होत्या, गावातल्या बाया सोडवल्या होत्या. एका हातानं, सुजलेला दुसरा लावत, दातओठ खात तिनं ते सरळ केलं. दिवस मावळायच्या आत मी झाले. इवलीशी, सातव्या-आठव्या महिन्याची. मला त्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलं. ज्यासाठी फाडलं होतं, त्यालाच लागलं.

मुकादमाची गाडी आली ती सगळं उरकल्यावर. कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स आईला तपासून म्हणाली, "हे कुणी केलं? थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या."

आजी तिथं सव्वा महिना राहिली. गावी परतताना तिनं जवळच्या गुऱ्हाळावरनं गुळाची ढेप मिळवली, आणि गावात आल्या आल्या, घरी न जाता, प्रत्येक घरी गेली. बाया तिला तोंड दाखवायला लाजत होत्या. आमच्या फराळानं पोरीचा जीव जात होता, असं त्यांच्या मनात. सरस्वतीबाई तर दाराआडच उभी राहिली. आजीनं तिच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाली, "आगं, तोंड कावून लपवतीस? तुमी डबा भरला नसता तर मी हितंच खडी फोडत बसले आसते. पोरगी तिकडं मेली आसती आन मला आठ दिसांनी कळलं आसतं. तुमच्या फराळानं मला लेकीजवळ न्हेऊन सोडलं." असं तिनं घरोघर सांगितलं. विठ्ठलरावांना तर चावडीत, सगळ्यांसमोर. ते म्हणे दुसरीकडं बघत बसले आणि धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

पण त्या सालापासून तिनं अट घातली. कुणाचाही डबा असो, पाठवणाऱ्याच्या हातचं त्यात एक तरी पाहिजे. आजारी असो, आंधळी असो, हात धरून करून घेईन, पण त्याशिवाय दाभण उचलणार नाही. "फराळ काय, कुठं बी मिळतं," म्हणायची. "लेकराला हात लागतो आईचा." ती अट तिनं मला शिकवली. पुढं मी बीडला दुकान टाकलं तेव्हा आजी कोपऱ्यात पाटावर बसून गिऱ्हाइकांना थोट्या बोटानं दटावायची, "ए बाबा, पळतोस कुठं? कर करंजी!" मोठे मोठे अधिकारी निमूट बसायचे.

तीन सालांमागं आजी गेली. झोपेतच गेली. आईला मी माझ्याकडं बीडला आणलं होतं, ती आता माझ्याजवळच असते.

त्या दिवाळीला आमच्या घरात कढई चढली नाही. दुकानही मी बंद ठेवलं. गल्लीतल्या बाया, गटातल्या बाया आणि गावाहून सरस्वतीबाईची सून, सगळ्या ताटं घेऊन आल्या. आईनं परात मांडली आणि त्यात सगळं घेतलं. लहानमोठे लाडू, तिळाची चकली, बिनतिळाची चकली, दहा घरच्या करंज्या. मग ती खाली बसली आणि एकेक करंजी उचलून कड बघायला लागली. मी म्हणलं, "आई, काय शोधतीस?"

तिनं शेवटची करंजी परातीत ठेवली, हात झटकले, उठली आणि दारात जाऊन उंबऱ्यावर बसली. रस्त्यावरनं रिक्षा जात होत्या, लांब हायवेला ट्रकचे आवाज येत होते. मी जवळ गेले. म्हणलं, "आई, आत चल. ऊन लागंल."

ती रस्त्याकडंच बघत म्हणाली, "बसू दे गं थोडं. मागच्या येळंला आसंच फराळ आलतं, आन मागनं माय आलती."

मी पुन्हा तिला आत चल म्हणाले नाही. मीही तिच्याजवळ उंबऱ्यावर बसले, आणि आम्ही दोघी रस्त्याकडं बघत राहिलो.